खरजेचे क्रीम आणि किड्याचे वेळापत्रक

दिवाळी सरून साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला आणि कृष्णा-वारणेच्या काठी गारठा पडू लागला, की सांगली-साताऱ्याकडच्या दवाखान्यांत खरजेचे रुग्ण वाढू लागतात. थंडीत घरातली माणसे एकाच वाकळेत बिलगून झोपतात, सुट्टी संपवून मुले वसतिगृहांत परततात आणि बीड-धाराशिवकडून आलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या कोप्यांमध्ये दाटीवाटीने राहू लागतात. डॉक्टर बहुधा 5 टक्के परमेथ्रिनचे क्रीम लिहून देतात. हे औषध गुणकारी आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. तरीही महिन्याभराने तोच रुग्ण तीच खाज घेऊन परत येतो आणि क्रीमचा गुण आला नाही, अशी तक्रार करतो. पुष्कळदा दोष क्रीमचा नसतो. ‘मानेखाली सर्वांगाला, रात्री, घरातील सर्वांनी, आठवड्याने पुन्हा’ ही चिठ्ठीवर घाईत खरडलेली ओळ एका किड्याच्या आयुष्यक्रमावरून ठरलेली असते, आणि तो आयुष्यक्रम कोणी समजावून न सांगितल्यामुळे त्या ओळीतला एखादा शब्द प्रत्येक जण आपल्या सोयीने गाळतो.

हा किडा म्हणजे सार्कोप्टिस स्केबिआय. गुरांच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडाचा हा दूरचा नातलग. प्रौढ झाल्यावर त्याला आठ पाय असतात. मादीची लांबी 0.3 ते 0.4 मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना ती दिसलीच तर टाचणीने टेकवलेल्या ठिपक्याएवढी, आणि नर तिच्या जेमतेम निम्मा. फलित झालेली मादी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात आडवे बीळ कोरत जाते. बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, काख, बेंबीभोवतालची जागा, कंबर, नितंब आणि जननेंद्रिये या तिच्या आवडीच्या जागा. त्या बिळात ती दिवसाला दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना जगून तिथेच मरते. तीन-चार दिवसांत अंड्यातून सहा पायांची अळी बाहेर पडते व पुढच्या दहा ते चौदा दिवसांत तिचा प्रौढ किडा होतो.

इटलीतील जिओव्हानी कोझिमो बोनोमो याने 1687 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहून खरजेचे कारण तोच आहे, असे लिहून ठेवले होते. वैद्यकाने त्याच्याकडे जवळजवळ दीडशे वर्षे दुर्लक्ष केले आणि रक्तदोषाची कल्पना उराशी धरून ठेवली. रक्त शुद्ध करणारी औषधे मागणारे आणि देणारे लोक आजही भेटतात, तेव्हा त्या दीडशे वर्षांचे फारसे नवल वाटत नाही.

या रोगातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे खाज. किडा चावतो म्हणून खाज सुटते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात किडा, त्याची अंडी, लाळ आणि विष्ठा यांच्याविरुद्ध आपल्या शरीराची जी प्रतिकारप्रतिक्रिया उभी राहते, तिची ती खाज असते. म्हणूनच अंगावर सरासरी दहा-पंधरा माद्या असताना पुरळ मात्र कमरेपासून मांड्यांपर्यंत शेकडो ठिकाणी उठलेले असते, आणि जिथे पुरळ आहे तिथेच किडा असेल असे नसते. ही प्रतिक्रिया तयार व्हायला वेळ लागतो. आयुष्यात पहिल्यांदा खरूज झालेल्या माणसाला खाज सुटेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. पूर्वी होऊन गेलेली असेल तर शरीर आधीच सावध असल्यामुळे एक ते चार दिवसांतच खाज सुरू होते. म्हणजे वसतिगृहातून आलेल्या मुलाने सुट्टीत आजीच्या कुशीत झोपून किडा घरात दिला, तर आजीला खाज सुटेपर्यंत मुलगा पुन्हा वसतिगृहात पोहोचलेला असतो, आणि मधल्या काळात आजीकडून तो किडा सून व नातवंडांपर्यंत गेलेला असतो. ‘मला कुठे खाज आहे, मी कशाला लावू?’ या प्रश्नाचे उत्तर या चार-सहा आठवड्यांत आहे. घरातल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री क्रीम लावायचे ते यासाठी. आज मुलाने, रविवारी वडिलांनी आणि आईला सवड झाली की आईने, असे केल्यास किडा बऱ्या झालेल्या माणसाकडे पुन्हा येतो आणि औषध लागू पडले नाही, असे वाटते.

परमेथ्रिनचे मूळ एका फुलात आहे. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम नावाच्या पांढऱ्या फुलांची पूड कीटकनाशक म्हणून फार पूर्वीपासून वापरात होती, परंतु तिच्यातील द्रव्ये उन्हात लवकर निकामी होत. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये त्याच धर्तीवर उन्हात टिकणारे परमेथ्रिन तयार केले, आणि अमेरिकेत 1989 मध्ये 5 टक्क्यांच्या क्रीमला खरजेसाठी मान्यता मिळाली. मज्जापेशींच्या आवरणात सोडियमचे आयन आत घेणाऱ्या मार्गिका असतात. संदेश जाताना त्या उघडतात आणि लगेच मिटतात. परमेथ्रिन त्यांना मिटू देत नाही, त्यामुळे किड्याच्या मज्जापेशी सारख्या उत्तेजित राहतात आणि अखेर तो लुळा पडून मरतो. माणसाच्या त्वचेतून मात्र लावलेल्या औषधाचा साधारण 2 टक्के किंवा त्याहून कमी भागच आत जातो आणि शरीर त्याचे लवकर विघटन करते. त्यामुळेच दोन महिन्यांवरील बाळांनाही ते देता येते. त्याहून लहान बाळ, गर्भवती व अंगावर पाजणारी आई यांच्याबाबत डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मांजरे मात्र हे द्रव्य पचवू शकत नाहीत, तेव्हा क्रीम लावलेल्या रात्री घरच्या मांजराला अंगाशी घेऊ नये.

तासगाव-पलूसकडच्या द्राक्ष बागायतदारांना सायपरमेथ्रिन आणि लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ही नावे परिचित असतील. ती परमेथ्रिनचीच भावंडे आहेत, आणि ‘औषध तेच, मग फवारणीचे थोडे पातळ करून लावले तर काय बिघडले?’ असा विचार कुणाच्या मनात येऊ शकतो. बिघडते ते असे, की या भावंडांची रचना वेगळी असून ती माणसाला जास्त त्रासदायक आहेत, शेतीच्या द्रावणात त्वचेतून आत शिरणारे विद्रावक असतात आणि हाताने केलेल्या मिश्रणाचे प्रमाण कधीच नेमके राहत नाही. असे द्रावण अंगाला लावल्यास विषबाधा होऊ शकते.

आता लावण्याची पद्धत. किड्याचे बीळ नेमके कुठे आहे हे पुरळावरून कळत नसल्यामुळे मानेपासून तळपायापर्यंत एकही जागा न सोडता क्रीम चोळावे लागते. लहान बाळे आणि वृद्ध यांच्यात किडा डोक्यावर व चेहऱ्यावरही जातो, म्हणून त्यांना डोळे व तोंड टाळून तिथेही लावतात. प्रौढ माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम क्रीम लागते. एवढ्या मापाची एक ट्यूब चौघांच्या घरात पुरवून पुरवून वापरली, तर कुणालाच पुरेसे औषध मिळत नाही. हा खर्चाचा प्रश्न आहे आणि तो खरा आहे. पण तो डॉक्टरांना स्पष्ट सांगितला तर सरकारी दवाखान्यातून औषध मिळवणे किंवा स्वस्त पर्याय निवडणे शक्य होते, आणि अर्धवट उपचाराचा खर्च तर पूर्ण वाया जातो. नखे कापून त्यांच्या खाली, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीत, बांगड्या व जोडवी सरकवून त्यांच्या खाली, करदोट्याच्या रेषेवर आणि गुप्तांगांवरही क्रीम लागले पाहिजे. संकोचामुळे नेमकी ही शेवटची जागा राहून जाते. वसतिगृहात मुलांना ओळीने उभे करून हातापायांना क्रीम लावले जाते, तेव्हाही हेच घडते.

क्रीम कोरड्या आणि गार त्वचेवर लावावे. पूर्वी आधी कढत पाण्याने आंघोळ करायला सांगत असत. त्याची गरज नाही, शिवाय गरम त्वचेतून औषध अधिक प्रमाणात रक्तात शोषले जाण्याची शक्यता असते. लावल्यावर आठ ते चौदा तास ते अंगावर राहिले पाहिजे. भाकरी थापणे, भांडी घासणे, धारा काढणे या कामांत हात पाण्यात जातात, आणि किड्याची सर्वांत लाडकी वस्ती हातांवरच असते. घरातल्या बाईने सर्वांना क्रीम लावून मग भांडी घासली, तर तिच्याच हातांवरचे औषध धुऊन जाते. म्हणून सगळी कामे आटोपल्यावर लावावे, मध्येच हात धुवावे लागले तर हातांना पुन्हा लावावे, आणि पहाटे पाचला धारा काढायच्या असतील तर रात्री आठच्या आत लावून त्या दिवसापुरते ते काम दुसऱ्याकडे सोपवता आल्यास उत्तम.

दुसरी फेरी का, याचे उत्तर अंड्यांत आहे. जिवंत किड्यांवर परमेथ्रिनचा चांगला प्रभाव पडतो, पण प्रत्येक अंडे त्याने मरेलच याची खात्री देता येत नाही. वाचलेली अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, आणि त्यांतून निघालेली पिल्ले स्वतः अंडी घालण्याच्या वयाला यायला दहा ते चौदा दिवस लागतात. सर्व अंडी फुटलेली आहेत, पण नवी पिढी अजून अंडी घालू लागलेली नाही, असा जो काळ मध्ये मिळतो, त्यात दुसरा हात फिरवायचा असतो. आठवा दिवस त्यात नेमका बसतो. रोज थोडे थोडे क्रीम लावत राहण्याने हे साधत नाही. त्याने त्वचा चुरचुरते, कोरडी पडते आणि त्या चुरचुरीलाही लोक खरूजच समजतात.

कपड्यांबाबत मात्र घरोघरी गरजेपेक्षा जास्त कष्ट उपसले जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलॅनबी यांनी शेफिल्डमध्ये, युद्धात भाग घ्यायला नकार दिलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांची न धुतलेली अंतर्वस्त्रे आणि पांघरुणे वापरूनही अगदी थोड्यांनाच लागण झाली. रुग्णासोबत एकाच बिछान्यात झोपणाऱ्यांना मात्र ती झाली. शरीराबाहेर किडा साधारण एक ते तीन दिवस जगतो. तेव्हा उपचाराच्या सकाळी आदल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी व टॉवेल गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत, आणि नदीवर नेल्याशिवाय धुता न येणाऱ्या वाकळा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस, गारठा किंवा दमट हवा असल्यास आठवडाभर, बाजूला ठेवाव्यात. कपाटातल्या ठेवणीतल्या साड्या काढून उकळण्याचे काही कारण नाही. तसेच खरूज झाली म्हणजे माणूस अस्वच्छ, हा शेराही अन्यायाचा आहे. रोज आंघोळ करणाऱ्याच्या बिळातला किडा त्या आंघोळीने वाहून जात नाही.

औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या मिश्र मलमांनी होणारे नुकसान याहून मोठे आहे. गजकर्णासाठी खपणाऱ्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. ते शरीराची प्रतिक्रिया दाबते, चार दिवस खाज थांबते, पुरळ फिके पडते आणि रोगाचे रूप इतके बदलते की तज्ज्ञालाही तो ओळखणे अवघड जावे; खाली किडे मात्र निर्धास्त वाढत असतात. हळदीच्या पेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या सांगलीत हळद आणि कडुनिंबाचा लेप सुचवणारे कोणीतरी भेटतेच. त्या लेपाने खाज शमत असेलही, परंतु परमेथ्रिनशी रीतसर तुलना करून त्याच्याएवढा भरवसा ठेवावा, असा पुरावा त्याच्या पाठीशी नाही. लहान मुलांत हा उशीर महाग पडतो, कारण खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस जिवाणू शिरले तर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. खरूज असलेल्या मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी काळपट तांबडी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

वसतिगृह, आश्रमशाळा किंवा ऊसतोडीचा तळ अशा ठिकाणी एका रात्रीत प्रत्येकाच्या सर्वांगाला क्रीम लावणे किती अवघड आहे, हे तिथल्या अधीक्षकांना किंवा मुकादमांना सांगायला नको. तिथे आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या उपयोगी पडतात. वजनाच्या दर किलोमागे 200 मायक्रोग्रॅम, आणि अंड्यांवर त्यांचा परिणाम होत नसल्यामुळे याही दोनदाच. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गर्भवतींना त्या देत नाहीत. फिजी बेटांवरील समुदायांत झालेल्या व 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका वर्षानंतर खरजेचे प्रमाण सर्वांना गोळ्या दिलेल्या गटात 94 टक्क्यांनी, सर्वांना परमेथ्रिन दिलेल्या गटात 62 टक्क्यांनी आणि फक्त रुग्ण व त्यांच्या निकटच्या माणसांवर उपचार केलेल्या गटात 49 टक्क्यांनी घटले. एकेका रुग्णाच्या बाबतीत दोन्ही औषधांचा गुण जवळपास सारखा असताना समुदायात एवढा फरक पडावा, यामागे लावण्याची कटकट हे एक मोठे कारण असावे, असे मला वाटते. परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या किड्यांची चर्चाही अलीकडे, विशेषतः युरोपात, गंभीरपणे सुरू आहे, म्हणून नीट लावूनही अपयश आले तर औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टर घेतात.

ते अपयश आहे की नाही, हे मात्र खाजेवरून लगेच ठरवता येत नाही. किडे मेल्यानंतरही त्यांचे अवशेष त्वचेचा वरचा थर झडून जाईपर्यंत तिथेच राहतात, त्यामुळे खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते, आणि काखेत किंवा गुप्तांगांवर उठलेल्या गाठी त्याहूनही जास्त काळ राहतात. या काळात क्रीमची तिसरी-चौथी ट्यूब आणण्याऐवजी खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे आणि झोप मोडत असेल तर डॉक्टरांनी दिलेली खाजेची गोळी घ्यावी. चार आठवडे उलटूनही नवे पुरळ, नवी बिळे दिसत असतील, घरातल्या आणखी कुणाला खाज सुटली असेल, किंवा अंथरुणाला खिळलेल्या वा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या हातापायांवर जाड, खवल्यांसारखी पुटे चढली असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक आहे. या शेवटच्या प्रकारात किडे दहा-पंधरा नव्हे तर हजारोंच्या, क्वचित लाखोंच्या संख्येने असतात, गळणाऱ्या खवल्यांतूनही रोग पसरतो, आणि त्यावर क्रीम व गोळ्या दोन्ही अनेक फेऱ्यांमध्ये द्याव्या लागतात.