टीएमओ: भाडेकरूंचा कारभार, कौन्सिलची देखरेख आणि रहिवाशांच्या तक्रारी

टेनंट मॅनेजमेंट ऑर्गनायझेशन, बोलताना सगळे टीएमओच म्हणतात. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या (आपल्याकडची नगरपालिका समजा) इमारतींत भाड्याने राहणारे लोक स्वतःची संस्था काढतात आणि आपल्या इमारतींचा रोजचा कारभार कौन्सिलकडून स्वतःच्या हातात घेतात, ती ही संस्था. दुरुस्त्या, जिन्यांची साफसफाई, भाडंवसुली, रिकाम्या घरांची डागडुजी, यातलं काय काय घ्यायचं ते करारात ठरतं आणि त्या कामांसाठी कौन्सिल पैसे देते. आपल्या हाउसिंग सोसायटीशी याची गल्लत होते पण तसं नाही, सोसायटीतले लोक घराचे मालक असतात, इथे बहुतेक जण भाडेकरू, इमारत कौन्सिलचीच आणि कायद्याने घरमालकही कौन्सिलच. हे पक्कं लक्षात ठेवायचं, कारण पुढचे सगळे घोळ याचा विसर पडल्यामुळेच झालेत.

हा हक्क १९९३ च्या कायद्याने मिळाला आणि १९९४ च्या नियमांनी अमलात आला, त्याला राइट टू मॅनेज म्हणतात. निदान २५ घरं हवीत, रहिवाशांचं मतदान होतं, ते जिंकलं की करार. मग ठराविक वर्षांनी हीच संस्था पुढे चालवायची का असं रहिवाशांना परत विचारलं जातं. काम बिघडलं तर कौन्सिल लेखी नोटीस देऊ शकते, सुधारायला मुदत देऊ शकते आणि शेवटी करार मोडून कारभार परत घेऊ शकते. म्हणजे कागदावर कौन्सिलच्या हातात बरंच काही असतं.

कागदावरचं प्रत्यक्षात कसं विरून जातं ते पाहायचं तर लंडनमधल्या केन्सिंग्टन अँड चेल्सीचं उदाहरण घ्यावं लागतं. तिथे १९९६ मध्ये अख्ख्या बरोचीच (म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेल्या लंडनच्या एका भागाचीच) एक टीएमओ झाली, ९ हजारांहून जास्त घरं एका संस्थेकडे. एवढी मोठी टीएमओ दुसरी नव्हती, बाकीच्या बहुतेक एका वसाहतीच्या असतात जिथे बोर्डावरची, म्हणजे संस्थेच्या संचालक मंडळातली, बाई तुमच्याच जिन्यात भेटते आणि लिफ्ट बंद असली तर तिलाही चालतच वर जावं लागतं. इथे बोर्डावर रहिवासी बहुसंख्य होते खरे, पण कारभार पगारी अधिकाऱ्यांचा आणि सामान्य भाडेकरूला ती आणखी एक कंपनीच वाटायची. लोकांचा या संस्थेवर विश्वास राहिलेला नाही हे २००९ च्या एका स्वतंत्र अहवालात स्पष्ट आलं होतं.

ग्रेनफेल टॉवर याच टीएमओकडे होता, सत्तरच्या दशकातली २४ मजली इमारत. मे २०१३ मध्ये तिथे विजेचा दाब अचानक वाढून लोकांच्या घरातली उपकरणं जळली, तक्रारी झाल्या. नंतर नूतनीकरण सुरू झालं तेव्हा हीटिंगचं युनिट घरात शिरतानाच्या पॅसेजमध्ये बसवण्यावरून वाद, कामाच्या दर्जावरून वाद. २०१५ च्या अखेरीस रहिवाशांनी सह्यांचा अर्ज कौन्सिलच्या समितीपुढे नेला की या कामाची चौकशी करा, आणि आढावा घेतला टीएमओच्याच बोर्डावरच्या लोकांनी. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याकडेच तपास, मग माणसाने जायचं कुठे? नोव्हेंबर २०१६ मध्ये ग्रेनफेल ॲक्शन ग्रुप या रहिवाशांच्या गटाने जाहीर लिहून ठेवलं की मोठी जीवितहानी झाल्याशिवाय इथे कुणाचे डोळे उघडणार नाहीत. १४ जून २०१७ च्या रात्री आग लागली आणि ७२ माणसं गेली.

आग एवढी भडकली ती क्लॅडिंगमुळे, म्हणजे इमारतीच्या भिंतींवर बाहेरून लावलेल्या आवरणामुळे, त्यात उत्पादक, ठेकेदार, सरकार असे अनेक दोषी आहेत आणि सगळं टीएमओवर ढकलणं चुकीचं ठरेल. पण या आगीच्या सरकारने नेमलेल्या, सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा ४ सप्टेंबर २०२४ चा अहवाल देखरेखीबद्दल जे सांगतो ते वाचून सुन्न व्हायला होतं. कौन्सिलची टीएमओवरची देखरेख दुबळी होती, कामगिरी मोजायला जे निकष लावले होते त्यात अग्निसुरक्षेचा एकही नव्हता. म्हणजे कौन्सिलकडे आकडे जात होते, पण आपोआप बंद व्हायला हवेत असे घरांचे दरवाजे बंद होतात की नाही, आगीच्या तपासणीत सांगितलेली किती कामं तुंबलीत, हे त्या आकड्यांत दिसणारच नव्हतं. वर टीएमओच्या मुख्य अधिकाऱ्याने या बाबतीतल्या अडचणी बोर्डापर्यंत आणि कौन्सिलपर्यंत नीट पोचू दिल्या नाहीत. तक्रार करणाऱ्या काही रहिवाशांना टीएमओ भांडखोर, त्रास देणारे समजायची असंही अहवालात आहे. आता विचार करा, आतली बातमी वर येत नाही अशा वेळी कौन्सिलला खरी परिस्थिती सांगणारे फक्त तेच लोक उरले होते. सप्टेंबर २०१७ मध्ये कौन्सिलने करार संपवायचं ठरवलं आणि मार्च २०१८ मध्ये घरांचा कारभार परत स्वतःकडे घेतला.

पण एवढ्यावरून टीएमओ ही कल्पनाच वाईट असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. लंडनमध्येच सदर्क भागात लेदरमार्केट जेएमबी नावाची टीएमओ आहे, तीही १९९६ पासूनची, सुमारे १५०० घरं, आणि त्या लोकांनी जुन्या गॅरेजांच्या जागेवर मार्कलेक कोर्ट नावाची २७ घरांची इमारत कौन्सिलच्या भाड्याने राहता येईल अशी उभी केली, कशी हवी ते रहिवाशांनीच ठरवलं.

तक्रारीची वाट आता पूर्वीपेक्षा सरळ झालीय. आधी २०१३ पासून असं होतं की अंतर्गत प्रक्रिया संपल्यावरही हाउसिंग ऑम्बड्समनकडे, म्हणजे घरांच्या लोकपालाकडे, थेट जायचं तर ८ आठवडे थांबा नाहीतर खासदार, नगरसेवक किंवा भाडेकरूंच्या पॅनेलमार्फत जा. ही अट १ ऑक्टोबर २०२२ ला गेली. एप्रिल २०२४ पासून ऑम्बड्समनची तक्रार संहिता कायद्याने बंधनकारक आहे: तक्रारीची पोच ५ कामकाजाच्या दिवसांत, पहिलं उत्तर त्यापुढच्या १० कामकाजाच्या दिवसांत, ते पटलं नाही तर दुसरा टप्पा अशाच २० दिवसांचा, अवघड प्रकरणात थोडी मुदतवाढ. आणि टीएमओच्या रहिवाशाला सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट अशी की घरमालकाच्या वतीने दुसरं कुणी उत्तर देत असलं तरी ते याच दोन टप्प्यांत बसलं पाहिजे, आधी टीएमओची पूर्ण प्रक्रिया आणि मग पहिल्यापासून कौन्सिलची असं रहिवाशाला फिरवता येत नाही.

तिकडे कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांनी एवढं जरूर करावं, ओल, बुरशी, मोडका दरवाजा, काहीही असो, नुसता फोन करून थांबू नका, लेखी द्या, तक्रार असा शब्द त्यात घाला, तारीख आणि फोटो ठेवा, आणि टीएमओला पाठवलेल्या मेलची एक प्रत कौन्सिलच्या हाउसिंग विभागालाही पाठवा.