हाँगकाँगचे पासपोर्ट: १९८४च्या दोन निवेदनांतला वाद

१९ डिसेंबर १९८४ रोजी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि चीनचे पंतप्रधान झाओ झियांग यांनी बीजिंगमध्ये संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: ब्रिटिश वसाहत असलेले हाँगकाँग १ जुलै १९९७ला चीनकडे हस्तांतरित होणार होते. नागरिकत्वाचा प्रश्न मात्र जाहीरनाम्याबाहेरच राहिला. त्यावर दोन्ही सरकारांनी वेगवेगळी निवेदने एकमेकांना दिली, आणि पुढचे सगळे भांडण त्यांवरूनच पेटले.

ब्रिटनने लिहिले होते की हाँगकाँगच्या रहिवाशांचा वसाहतीचे नागरिक हा दर्जा १ जुलै १९९७ला संपेल. त्याऐवजी नवा दर्जा घेता येईल, पण त्यातून ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मिळणार नाही. १९८७पासून दिला जाणारा 'बीएनओ' (ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज) पासपोर्ट तो हाच. चीनच्या निवेदनानुसार हाँगकाँगचे चिनी लोक चिनी नागरिकच होते. ब्रिटिश कागद परदेशप्रवासापुरता चालेल, हाँगकाँगमध्ये किंवा चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीचे संरक्षण मिळणार नाही. चीनच्या १९८०च्या नागरिकत्व कायद्याला दुहेरी नागरिकत्व मुळातच मान्य नाही.

जून १९८९मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातले लोकशाहीवादी आंदोलन लष्कराने चिरडले आणि हाँगकाँगमधून शिकलेली माणसे भराभर बाहेर पडू लागली. त्यांना थोपवण्यासाठी ब्रिटनने १९९०चा कायदा केला: ५०,००० कुटुंबप्रमुखांना, त्यांच्या जोडीदारांसह आणि अल्पवयीन मुलांसह, पूर्ण नागरिकत्व. यांपैकी ३६,२०० जागा व्यावसायिकांना, ७,००० पोलीस-अग्निशमनसारख्या शिस्तबद्ध सेवांना, ६,३०० संवेदनशील पदांवरच्यांना आणि ५०० उद्योजकांना. व्यावसायिकांची निवड वय, अनुभव, शिक्षण, इंग्रजी अशा निकषांवर गुण देऊन होई. ब्रिटनला जाऊन राहण्याची अट नव्हती, आणि योजनेचे मर्म तेच होते: पासपोर्ट खिशात असला की माणूस निर्धास्तपणे हाँगकाँगमध्येच राहील.

लंडनमध्ये हुजूर पक्षाचे खासदार नॉर्मन टेबिट यांनी या योजनेवरून स्वपक्षाच्या सरकारविरुद्ध बंड केले. ब्रिटनने १९८४च्या निवेदनातले वचन मोडले, असा आरोप बीजिंगने केला. आपल्या निवेदनात निवडक लोकांना नागरिकत्व देण्यास मनाई नाही, ही ब्रिटनची बाजू शब्दशः टिकणारी होती. पण चीनचा संशय निराधार म्हणता येत नाही, कारण हस्तांतरानंतरच्या प्रशासनातल्या मोक्याच्या जागांवर ब्रिटिश नागरिक बसणार होते. मे १९९६मध्ये चीनच्या राष्ट्रीय लोकसभेच्या स्थायी समितीने या योजनेतले नागरिकत्व मानणार नसल्याचे स्पष्ट केले.

सर्वांत अन्याय झाला तो भारतीय, पाकिस्तानी, नेपाळी वंशाच्या रहिवाशांवर. चीन त्यांना आपले नागरिक मानत नव्हता, आणि ज्यांच्याकडे दुसरे नागरिकत्व नव्हते त्यांच्या हाती फक्त बीएनओ उरत होता. त्यांना ब्रिटिश नागरिकत्व देणारा कायदा हस्तांतराला जेमतेम काही महिने उरले असताना, १९९७मध्ये झाला.

३१ जानेवारी २०२१ला ब्रिटनने बीएनओधारकांसाठी खास व्हिसा सुरू केला. त्याच दिवसापासून चीनने बीएनओ पासपोर्ट प्रवासाचा कागद म्हणूनही मानणे बंद केले. १९८४च्या चिनी निवेदनाने ब्रिटिश कागदाला तेवढीच एक मुभा दिली होती.