क्षेपणास्त्रांची ढाल आणि तिच्यामागचे हेतू

खाडीपलीकडे ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र, अलीकडे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि दक्षिणेला न्हावा-शेवा बंदर असा शेजार असलेल्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी क्षेपणास्त्र संरक्षण हा दूरच्या देशांचा विषय नाही. मे २०२५ मध्ये झालेल्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावाच्या यादीत ठाणे आणि उरण ही नावे होती. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी महत्त्वाच्या स्थळांभोवती २०३५ पर्यंत संरक्षक कवच उभारण्याच्या ‘सुदर्शन चक्र’ मोहिमेची घोषणा केली. अशा कवचांवरच्या चर्चेत बहुतेक युक्तिवाद हेतूंभोवती फिरतात: अमेरिकेला वर्चस्व हवे आहे का, चीन खरोखर धास्तावला आहे की तसे भासवतो आहे, शस्त्र-उद्योगाचा लाभ किती. हे प्रश्न रास्त आहेत, परंतु हेतू मोजता येत नाहीत. यंत्रणेची क्षमता मात्र बऱ्याच अंशी मोजता येते, आणि परराष्ट्र धोरणातील अनेक भांडणे या क्षमतेतूनच उगवलेली दिसतात.

खंडांतर पल्ल्याच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला सुमारे दहा हजार किलोमीटर अंतर कापायला अर्धा तास लागतो. पहिली तीन ते पाच मिनिटे इंजिन पेटलेले असते, नंतरची वीसेक मिनिटे वॉरहेड, म्हणजे क्षेपणास्त्राचा स्फोटक अग्रभाग, निर्वातात केवळ गुरुत्वाकर्षणाच्या अधीन राहून प्रवास करते आणि अखेरच्या मिनिटभरात ते वातावरणात शिरते. मधला टप्पा सर्वांत लांबलचक असल्याने वेध घेण्यासाठी तोच सोयीचा वाटतो, पण खरी अडचण तिथेच आहे. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले आणि दोन्ही एकदमच खाली पोचले. हवेचा अडथळा नसेल तर जड आणि हलकी वस्तू सारखीच गती घेतात, म्हणून शेकडो किलोंचे वॉरहेड आणि त्याच्यासोबत सोडलेला धातूचा मुलामा दिलेला पोकळ फुगा एकाच मार्गाने जातात. वॉरहेडही तशाच फुग्यात लपवले तर खरे कोणते आणि फसवे कोणते हे ओळखणे रडारला अतिशय अवघड होते. वातावरणात शिरताच फुगे मागे पडतात, पण तोवर हाती काही सेकंदच उरतात आणि तेवढ्या वेळात मोजक्याच परिसराचे रक्षण करता येते.

दक्षिण कोरियात २०१७ मध्ये अमेरिकेची ‘थाड’ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवली गेली तेव्हा चीनने इतका तीव्र विरोध का केला, हेही यातूनच उलगडते. उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे रोखणे हा घोषित हेतू होता आणि तो खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु चिनी तज्ज्ञांचा आक्षेप त्या यंत्रणेच्या रडारवर होता. चीनमधून अमेरिकेकडे निघालेल्या क्षेपणास्त्रातून फसवी लक्ष्ये बाहेर पडत असतानाच हे रडार ते दृश्य मागच्या बाजूने पाहू शकेल आणि खऱ्या-खोट्याची निवड सोपी करील, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही वाद मिटत नाही, कारण रडारला हेतू नसतो.

अमेरिका आणि सोव्हिएत संघाने हे फार आधी ओळखले होते. एकाने ढाल वाढवली की दुसरा बाण वाढवणार, म्हणून १९७२ च्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरील करारात दोघांनी आपापल्या ढालींवरच मर्यादा घालून घेतली. अमेरिका त्या करारातून २००२ मध्ये बाहेर पडली. आज तिच्याकडे अलास्का आणि कॅलिफोर्नियात मिळून येणारे क्षेपणास्त्र वाटेतच पाडणारी ४४ वेधक क्षेपणास्त्रे आहेत, तर २०१० च्या न्यू स्टार्ट कराराने रशियाला तैनातीसाठी घालून दिलेली मर्यादा १५५० वॉरहेडची होती. इतक्या थोड्या वेधकांनी रशिया अडणार नाही. मॉस्कोची भीती वेगळी आहे: अमेरिकेने पहिला घाव घातला तर उरलेल्या मोजक्या रशियन क्षेपणास्त्रांना हीच ढाल अडवू शकेल, आणि वेधकांच्या संख्येवर आता कोणतेही बंधन नाही. मार्च २०१८ मध्ये पुतिन यांनी नवी अस्त्रे जाहीर करताना अमेरिकेच्या त्या माघारीचाच दाखला दिला.

आपल्या उपखंडात हे चक्र अधिक स्पष्ट दिसते. भारताने २००६ आणि २००७ मध्ये अनुक्रमे सुमारे ५० आणि १५ किलोमीटर उंचीवर येणारे क्षेपणास्त्र पाडण्याच्या चाचण्या केल्या. जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने अनेक वॉरहेड वाहणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी केली आणि या प्रदेशातील वाढत्या क्षेपणास्त्र संरक्षणाला दिलेले ते उत्तर आहे, असे उघडपणे सांगितले. येथे उड्डाणाचा काळही काही मिनिटांचाच आहे. ढाल नको असा याचा अर्थ मी काढत नाही. भरकटलेले एखादे क्षेपणास्त्र किंवा मर्यादित मारा रोखता आला तरी हजारो जीव वाचतील. मात्र ‘अभेद्य’ हा शब्द वापरणाऱ्याने चाचणीत फसवी लक्ष्ये होती का, एकाच वेळी किती क्षेपणास्त्रे सोडली होती आणि वेधक चालवणाऱ्यांना वेळ आधी ठाऊक होती का, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेत सरकारी लेखापरीक्षण कार्यालय क्षेपणास्त्र संरक्षणाच्या चाचण्या आणि खर्च यांवर नियमितपणे जाहीर अहवाल काढते, आणि गुप्तता राखूनही ते शक्य होते. ‘सुदर्शन चक्रा’चा तसाच वार्षिक अहवाल संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे यावा आणि त्याचा जाहीर करण्याजोगा भाग नागरिकांना वाचायला मिळावा, ही मागणी आपल्या खासदारांकडे आताच, आराखडे ठरत असताना केली पाहिजे.