तीन तारांचं काम

सिंहस्थाची चाहूल लागली की नाशकात पंचवटीतले साऊंडवाले माळ्यावरची मशीनं खाली काढतात. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. प्लग लावून व्हॉल्यूम फिरवला की आधी ऐकू येते ती खरखर. ‘कंट्रोल गेला,’ निदान तिथेच होतं.

कंट्रोल म्हणजे नॉबच्या मागचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग. त्याच्या पोटात कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर धातूची पाकळी घासत फिरते. पट्टा झिजतो, धूळ बसते. हा भाग कधीतरी जाणारच, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग तो सहज निघेल असा का बसवत नाहीत?

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओत तो निघायचा. पत्र्याच्या चासीला, म्हणजे सांगाड्याला, एका नटाने आवळलेला कंट्रोल, मागे तीन तारा. नट सोडायचा, तारांचे तीन शिशाचे डाग काढायचे, नवा बसवायचा. शाफ्ट बहुधा पाव इंची, त्यामुळे नॉबही सहसा जुनाच चाले. ही दूरदृष्टी होती, असं मला वाटत नाही. जोडणीच हाताने व्हायची, म्हणून सोडवणंही हाताने जमे, इतकंच. त्याच काळात चालू-बंदचा खटका मात्र बऱ्याच सेटांत व्हॉल्यूमच्याच पाठीला असे. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. ती ऐकायला रोज ‘टक्’ केलं की पट्टा शून्यापासून घासला जाई.

छापील बोर्ड, म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या रेघा असलेली सर्किटची पाटी, आला आणि कंट्रोलने थेट बोर्डात मुळं धरली. आता एक बदलायचा तर सगळे नॉब उपटा, सगळे नट सोडा, अख्खा बोर्ड बाहेर काढा. स्टिरिओच्या जोड-कंट्रोलला सहा पाय. प्रत्येकाचं शिसं नीट ओढून न घेता हिसका दिला, की तांब्याचा पॅड उचकटून हातात. माझ्या हातून एक मिक्सर असाच मेलाय.

मुद्दाम विचार झाला तो व्यावसायिक सामानात. ध्वनियंत्रं बनवणारे इंग्रज अभियंते रूपर्ट नीव्ह यांचं १९७० मधलं १०७३ मॉड्यूल, म्हणजे माइक आणि टोनचं सगळं सर्किट, कन्सोलमधून (स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरमधून) ड्रॉवरसारखं ओढून काढता येई. डीजे मिक्सरचा क्रॉसफेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी सरकती दांडी, सगळ्यात आधी झिजतो. म्हणून बऱ्याच मिक्सरांत तो वरूनच स्क्रू काढून, केबल सोडवून बदलता येतो. पुढे चुंबकावर चालणारे, न घासणारे फेडरही आले.

सरकारी पातळीवर हालचाल अलीकडची. फ्रान्सने २०२१ पासून टीव्ही, मोबाइल वगैरेंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापायला लावले. भारतात जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली गेली, डिसेंबरात पोर्टल आलं. भजनी मंडळाच्या मशीनला त्याचा काही फरक पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

खरं तर फार काही लागत नाही. कंट्रोलसाठी वेगळा छोटा बोर्ड, मध्ये प्लगची वायर, आणि शेजारी ‘१०० के, लॉग’ (रोध किती आणि चाल कोणती) एवढं छापलेलं. झिजलेल्या कंट्रोलवरची अक्षरं पुसलेली असतात, घाईत सुरुवातीला सावकाश चढणाऱ्या लॉगच्या जागी एकसारखा चढणारा लिनिअर बसतो, आणि मग नॉब जेमतेम पाव फिरवला की काकड्याच्या वेळी भोंगा सगळी गल्ली उठवतो.