कोकणातील पुळणींची धूप

कोकण किनाऱ्यावरील वाळूचे पट्टे लाटा, वादळे, वाळूची घटलेली आवक आणि क्वचित भूकंपजन्य हालचाली यांमुळे कायमचे झिजण्याची क्रिया. डहाणूपासून तेरेखोलपर्यंतचा किनारा सलग वाळूचा नाही. जांभ्याची आणि काळ्या पाषाणाची टोके समुद्रात घुसलेली, दोन टोकांच्या कुशीत एखादी पुळण, असे त्याचे रूप. त्यामुळे एका पुळणीची गेलेली वाळू शेजारून सहसा भरून येत नाही.

पावसाळी लाटा पुळण कापतात, वाळू जरा खोल पाण्यात तळाशी साठते आणि ऑक्टोबरनंतर संथ लाटा ती परत आणून टाकतात. हे दरवर्षीचे येणे-जाणे म्हणजे धूप नव्हे. जाते त्यापेक्षा येते ती वर्षानुवर्षे कमी पडू लागली, की ती धूप. जुलैतला कापलेला किनारा पाहून बंधारा मागण्याची घाई होते, ती हा फरक न पाहिल्यामुळे. मोठ्या उधाणानंतर पुळणीत गुडघाभर उंचीचा उभा काप दिसतो. रत्नागिरी परिसरात त्यात काळ्या वाळूचे बारीक थर असतात. हे इल्मेनाइट हे जड खनिज. लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि ते मागे उरते.

भूकंपाने पुळण जाते ती मुख्यतः दोन प्रकारे : जमीन खचून किंवा त्सुनामीने. २६ डिसेंबर २००४ रोजी ग्रेट निकोबारमधील इंदिरा पॉइंट परिसर सुमारे ४ मीटर खचला आणि तिथला किनारा पाण्याखाली गेला. कोकण मात्र भूकवचाच्या प्लेटांच्या सीमेवर नाही. २००२ च्या भूकंप नकाशात त्याचा बहुतेक भाग विभाग ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने कोकणही हादरले. पण त्याचे केंद्र किनाऱ्यापासून बरेच आत होते आणि जमीन मुख्यतः आडवी सरकली होती. दूरचा भूकंप अधिक चिंतेचा. २७ नोव्हेंबर १९४५ रोजी आजच्या पाकिस्तानातील मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या ८.१ तीव्रतेच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या.

दापोली तालुक्यातील केळशीची उंच वाळूची टेकडी या संदर्भात गाजली. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिचा संबंध त्सुनामीशी जोडला. १५२४ मध्ये दाभोळच्या समुद्रात वास्को द गामाच्या ताफ्याला हादरे बसल्याचा पोर्तुगीज वृत्तांत या चर्चेत नेहमी येतो. इतर अभ्यासक टेकडी वाऱ्याने रचली असे मानतात. जहाजे हादरली एवढ्यावरून किनाऱ्यावर मोठी लाट आली असे ठरत नाही, हे खरेच.

रोजचे नुकसान मात्र भूकंपाशिवायच होते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड नद्या खाड्यांत वाळू आणतात, ती सक्शन पंपांनी उपसली जाते. वाळूच्या टेकाडांवरची, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल आणि केवडा काढून बांधकामे होतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातील सुरूची बने आडवी झाली. तारकर्लीजवळचे देवबाग एका बाजूला कर्ली नदी व दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या वाळूच्या जिभेवर वसले आहे. तिथे मागे सरकायला जागा नाही, म्हणून धूप प्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी समजण्यासारखी आहे. दगडी बंधारा मागची घरे आणि माड वाचवतो. पण त्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडते. त्याच्या टोकापलीकडच्या वाडीची वाळू मग अधिक वेगाने जाऊ लागते, आणि तिथूनही बंधाऱ्याची मागणी येते.