मोजणारे यंत्र, चालवणारा हात: इमारती आणि शेतीतील स्वयंचलनाची पार्श्वभूमी

वांद्रे-कुर्ला संकुलातील एखाद्या काचेच्या इमारतीत वातानुकूलन, दिवे, पंप आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा एकाच पडद्यावरून सांभाळली जाते. नाशिकच्या द्राक्षबागेत पानांवरचा ओलावा टिपणारा संवेदक (सेन्सर) आपली नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही, कारण पहिली वास्तुविशारद आणि विकासकांच्या जगातली, तर दुसरी कृषी विद्यापीठे आणि ठिबक कंपन्यांच्या जगातली. प्रत्यक्षात दोन्हींचा इतिहास एकच आहे. तो समजून घ्यायचा तर मोजमाप कोण करते, त्यावर कृती कोण करते आणि या दोहोंच्या मधला माणूस कधी व का बाजूला झाला, हे पाहावे लागते.

या इतिहासाची सुरुवात शेतीच्या बाजूने होते. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात अंडी उबवण्यासाठी एक भट्टी बनवली. तिच्यातील अल्कोहोल तापले की प्रसरण पावे, पाऱ्याला ढकले, पाऱ्यावर तरंगणारी दांडी हवेची झडप लोटून घेई आणि विस्तव आपोआप मंद होई. भट्टी गार झाली की हीच क्रिया उलट दिशेने होऊन विस्तव पुन्हा फुले. विजेचा पत्ता नसताना मोजमाप आणि कृती यांची साखळी इथे पूर्ण जुळली होती.

वीज आली ती अडीचशे वर्षांनी, आणि तिने प्रथम या साखळीचा अर्धाच भाग घेतला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे वॉरन जॉन्सन नावाचे शिक्षक होते. वर्गातील तापमान पाहायला शाळेचा शिपाई वेळोवेळी आत येई आणि मग तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा कमीजास्त करी. शिकवण्यात येणाऱ्या या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सन यांनी असा विद्युत तापस्थापी (थर्मोस्टॅट) तयार केला की खोली फार गरम किंवा गार झाली की तळघरात घंटा वाजे. १८८३ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. मोजमाप विजेकडे गेले होते, पण झडप फिरवणारा हात शिपायाचाच होता. १८८५ मध्ये जॉन्सन यांनी मिलवॉकी येथे कंपनी काढली आणि दाबलेल्या हवेच्या जोरावर झडपा उघडण्या-मिटण्याची पद्धत विकसित केली. पुढे कित्येक दशके मोठ्या इमारतींचे नियंत्रण अशा हवेच्या नळ्यांवरच चालले.

मुंबईत हवेचे नियंत्रण आले ते माणसांसाठी नव्हे, सुतासाठी. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला उत्पादन सुरू झाले. समुद्रकाठची दमट हवा कापूस कातायला सोयीची, हे मुंबईत गिरण्या फोफावण्याचे एक कारण मानले जाते. कोरड्या हवेत कापसाचा तंतू ठिसूळ होतो आणि धागा तुटतो, तर ओलावा शोषल्यावर त्याची ताकद वाढते. परंतु शेकडो यंत्रांच्या घर्षणाने तापलेल्या खात्यात बाहेरची दमट हवाही कोरडी पडते, म्हणून आत वाफ सोडणे किंवा पाण्याचे तुषार उडवणे भाग पडे. ओलावा पाहण्यासाठी दोन तापमापकांची जोडी भिंतीवर असे. एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याचा ओल्या कापडात गुंडाळलेला, आणि दोहोंतील फरकावरून हवेची आर्द्रता कोष्टकात पाहून ठरवायची. कोष्टक वाचणारा आणि तुषार उडवणारी चकती चालू-बंद करणारा, दोन्ही माणसेच होती.

या व्यवस्थेची किंमत कामगार मोजत होता, आणि तिचा विसर पडू नये. विणकाम खात्यात सुताला ओलावा आणखी जास्त लागतो. जी आर्द्रता धाग्याला मानवते, तिच्यात उन्हाळ्यातील मुंबईत घाम वाळत नाही आणि शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम १५ ने राज्य सरकारांना कृत्रिम आर्द्रीकरणावर मर्यादा घालण्याचे आणि हवेतील ओलाव्याच्या चाचण्या व नोंदी सक्तीच्या करण्याचे अधिकार दिले. संवेदकाची नोंद कायदेशीर पुरावा होऊ शकते, ही कल्पना आपल्याकडे अशा प्रकारे गिरणीच्या भिंतीवर रुजली.

त्याआधीच, १९०२ मध्ये, विलिस कॅरियर या अमेरिकी अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली होती. तिथेही प्रश्न कागद आक्रसण्या-प्रसरण्याचा होता, माणसांच्या सुखाचा नव्हता. दुग्धव्यवसायाने हेच तत्त्व आणखी काटेकोर केले. मुंबईला दूध पुरवण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली, त्या काळापर्यंत जगभरच्या दुग्धालयांत पाश्चरीकरणाची जलद पद्धत रूढ होऊ लागली होती. तिच्यात दूध किमान ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद राहावे लागते. तापमान त्याखाली घसरले तर प्रवाह वळवणारी झडप ते दूध आपोआप मागे, पुन्हा तापवण्यासाठी धाडते. इथे माणसावर विसंबणे धोक्याचे आहे, हे सर्वांनी मान्य केले होते.

दरम्यान मोजण्याची साधने बदलत होती. १७८३ मध्ये सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाच्या लांबीतील फरकावर चालणारा आर्द्रतामापक मांडला होता आणि तो पद्धतीत बदल होत जवळजवळ दोन शतके वापरात राहिला. १९७३ मध्ये फिनलंडच्या वैसाला कंपनीने पातळ बहुवारिकाचा (पॉलिमरचा) थर ओलावा शोषतो तसा त्याचा विद्युतधारकतेवर (वीजभार साठवण्याच्या क्षमतेवर) होणारा परिणाम मोजणारा संवेदक आणला. ओलावा आता थेट विजेच्या संकेतात मिळू लागला. त्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि इमारतींच्या ऊर्जाखर्चाकडे पाश्चात्त्य देशांचे डोळे वळले. इंटेलचा पहिला सूक्ष्मप्रक्रियक (मायक्रोप्रोसेसर) १९७१ मध्येच बाजारात आला होता. मोजमाप विजेत, निर्णय चिपमध्ये आणि खर्च वाचवण्याची निकड, या तिन्ही गोष्टी एका दशकात एकत्र आल्यावर हवेच्या नळ्यांचा काळ सरू लागला. नेदरलँडमध्ये काचगृहांच्या (ग्रीनहाऊसच्या) तापवण्यापासून सुरुवात केलेली प्रिव्हा ही कंपनी पुढे काचगृहे आणि इमारती या दोन्हींची नियंत्रणे बनवू लागली, हे या इतिहासाचे सामायिक मूळ दाखवणारे बोलके उदाहरण आहे.

इमारतींच्या बाजूला खरी अडचण संवेदकांची नव्हती, भाषेची होती. प्रत्येक उत्पादकाची यंत्रे आपसांत बोलत, दुसऱ्याच्या यंत्रांशी बोलत नसत, आणि एकदा यंत्रणा घेतली की इमारतीचा मालक त्याच कंपनीला कायमचा बांधला जाई. १९७९ मध्ये मॉडबस हा संदेशांचा साधा नियम आला. अमेरिकेतील ॲशरे या अभियंत्यांच्या संस्थेने १९८७ मध्ये काम सुरू करून १९९५ मध्ये बॅकनेट हे इमारतीतील यंत्रांच्या परस्पर संवादाचे खुले मानक प्रसिद्ध केले. माझ्या मते या क्षेत्रात कोणत्याही एका उपकरणापेक्षा हे मानक अधिक महत्त्वाचे ठरले. १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडलेल्या गिरण्यांच्या लोअर परळच्या जमिनींवर पुढे जी कार्यालये उभी राहिली, त्यांच्या हवेतील ओलावा आज याच मानकांच्या आधारे राखला जातो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमाने आणि २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने त्याला धोरणाची जोड दिली.

तरीही मुंबईतील सर्वाधिक पसरलेले स्वयंचलन या मनोऱ्यांत नाही. ते गृहनिर्माण संस्थांच्या पंपघरात आहे. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते, तळाच्या टाकीत साठते आणि तिथून गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते. वर्षानुवर्षे हे काम वॉचमन करत आला आणि टाकी ओसंडून भिंतीवरून पाणी वाहू लागले की त्याला हाक मारली जाई. पाणीपातळी नियंत्रक दोन टाक्यांतील दोन संवेदकांची सांगड घालतो: वरची टाकी रिकामी असेल आणि खालच्या टाकीत पाणी असेल, तरच पंप चालेल. दुसरी अट गाळली तर पंप कोरडा फिरून जळतो.

शेतीत मात्र मोजमापाची अटच गळली. महाराष्ट्रात कृषिपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, बऱ्याचदा रात्री. अंधारात, विंचूकाट्यातून विहिरीपर्यंत जाणे टाळण्यासाठी शेतकऱ्याने ऑटोस्विच बसवला. वीज आली की पंप आपोआप सुरू. ही कृती आहे, मोजमाप नाही. जमिनीला पाण्याची गरज आहे का, हे तो विचारत नाही, आणि परिसरातले सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाल्याने रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) भार येऊन ते नादुरुस्त होते. महावितरण ऑटोस्विच काढून टाकण्याचे आवाहन वारंवार करते ते यासाठीच. पण शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण ज्या वेळी वीज मिळते त्या वेळी पाणी घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या नॅनो गणेश या उपकरणाने मोबाइलवरून पंप चालू-बंद करण्याची आणि वीज आहे की नाही हे घरबसल्या कळण्याची सोय केली. म्हणजे जॉन्सनची घंटा आणि झडप दोन्ही शेतकऱ्याच्या हाती आली.

मातीचा ओलावा मोजणे याहून कठीण निघाले. वाफसा, म्हणजे मातीत योग्य तेवढा ओलावा, आला की नाही हे शेतकरी माती मुठीत दाबून ओळखतो. टेन्सिओमीटर मातीतून पाणी ओढण्यास लागणारा ताण दाखवतो, पण आपली काळी जमीन सुकताना भेगाळते आणि उपकरणाच्या सच्छिद्र टोकाचा मातीशी संपर्क तुटतो. विजेच्या गुणधर्मांवरून ओलावा काढण्याची १९८० पासून प्रचलित झालेली सूत्रेही चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेल्या जमिनीत जशीच्या तशी लागू पडत नाहीत. मळ्यातील हवा मोजणे त्या मानाने सोपे आहे. २००० नंतरच्या दशकात पवईच्या आयआयटी मुंबईतील संशोधकांनी ॲग्रीसेन्स प्रकल्पात नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात बिनतारी संवेदकांचे जाळे उभारले. केवडा या बुरशीजन्य रोगाचा धोका पानांच्या ओलेपणावर आणि तापमानावर ठरतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारणी कधी करायची, हा बागायतदाराचा सर्वांत महागडा निर्णय असतो. भारतात २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाल्याने पुढे लोरासारख्या दूर पल्ल्याच्या संदेशवहनाला वाट मिळाली. २०१४ पासून वायफाय असलेली ईएसपी८२६६ चिप लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत काही शे रुपयांत मिळू लागल्यावर तर महाविद्यालयीन विद्यार्थीही असे जाळे जुळवू लागले.

मोजमाप स्वस्त झाले, त्याबरोबर ते कुठे करायचे हा जुना प्रश्न मोठा झाला. कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले, कारण मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामने उपकरणे बिघडली असती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर. दोन केंद्रांवरून शहर कळत नाही, हे त्यानंतर महापालिकेने मान्य केले आणि ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. राज्यात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळाच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत आणि हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरवताना केंद्राची नोंद निर्णायक असते. त्यामुळे आपल्या शिवारापासून केंद्र किती अंतरावर आहे, ते झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला तर नाही ना, आणि पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यातला पालापाचोळा शेवटचा कधी काढला, हे प्रश्न आता शेतकरी थेट विचारू लागले आहेत.