तोडीस तोड जोड: फास्ट ड्रॉमधल्या ब्रॅकेट लढतींची पार्श्वभूमी

21 जुलै 1865. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डच्या चौकात वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट समोरासमोर उभे राहिले. दोघांमध्ये जवळपास 75 यार्डांचं अंतर होतं. दोघांनी गोळी झाडली. टटचा नेम चुकला, हिकॉकचा लागला आणि टट मेला. दीड-दोन वर्षांनी, 1867 मध्ये, ‘हार्पर्स’ मासिकाने हिकॉकवर मोठा लेख छापला आणि ‘सगळ्यात चपळ हात कुणाचा’ या प्रश्नाची देशभर चर्चा झाली. खरं तर पश्चिमेकडच्या वस्त्यांमध्ये अशा ठरवून केलेल्या समोरासमोरच्या लढती क्वचितच होत. पण पुढे सिनेमा आणि दूरदर्शन मालिकांनी त्या चित्राची इतकी उजळणी केली, की 1950 च्या दशकात ते शहरी तरुणांच्या ‘फास्ट ड्रॉ’ या खेळात, म्हणजे बंदूक झटक्यात उपसून झाडण्याच्या खेळात, उतरलं.

त्या खेळाचा उगम बहुतेक जण एकाच माणसाशी जोडतात. डी वूलम कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानात आगगाडी लुटणाऱ्या दरोडेखोराचं सोंग करायचा. रिकाम्या वेळात होल्स्टरमधून (कमरेला बांधलेल्या बंदुकीच्या म्यानातून) रिव्हॉल्व्हर झटक्यात काढायचा सराव करताना त्याला स्पर्धेची कल्पना सुचली. तिथेच 1954 मध्ये 12 जणांची पहिली स्पर्धा झाली. वूलमचं खरं देणं मला वाटतं ते घड्याळाचं. हाताचा वेग मोजणारं उपकरण त्याने तयार केलं. त्याआधी दोघांत कोण चपळ हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर ठरायचं. घड्याळ आलं आणि एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन माणसांची तुलना होऊ लागली. आज कौशल्यानुसार गट, म्हणजे ब्रॅकेट, पाडता येतात ते त्या मोजणीमुळेच.

त्याच सुमारास हॉलिवूडच्या नटांना बंदूक उपसायला शिकवणाऱ्या आर्व्हो ओहाला याने आतून धातूचा पत्रा लावलेलं होल्स्टर प्रचारात आणलं. कातडं रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या नळकांड्याला आवळून धरेनासं झालं आणि बंदूक होल्स्टरमध्ये असतानाच मागचा घोडा (हॅमर) ओढता येऊ लागला. वेग वाढला, तसे अपघातही वाढले. खऱ्या गोळ्या भरून सराव करणाऱ्यांनी स्वतःच्या पायात गोळी मारून घेतल्याच्या बातम्या तेव्हा येत. फास्ट ड्रॉच्या स्पर्धांमध्ये पुढे फक्त गोळी नसलेली काडतुसं आणि मेणाच्या गोळ्याच टिकल्या, यामागे ते रक्त आहे.

याच दशकात बिग बेअर लेक या कॅलिफोर्नियातल्याच डोंगराळ गावात जेफ कूपर या नेमबाजी प्रशिक्षकाने ‘लेदरस्लॅप’ नावाची वेगळी स्पर्धा चालवली. तिथे खऱ्या गोळ्या होत्या, आणि दोघे शेजारी उभे राहून आपापल्या लक्ष्यावर झाडत. 1959 मध्ये जॅक वीव्हर नावाच्या पोलिसाने दोन्ही हातांनी बंदूक धरून, डोळ्यासमोर आणून, नेम धरून ती स्पर्धा जिंकली. कमरेपासून झटक्यात झाडणारे हात त्याच्याहून चपळ असतील, पण त्यांचे नेम चुकत होते. चुकलेल्या वेगाला किंमत नसते, हे तिथे सगळ्यांसमोर ठरलं. या परंपरेतून 1976 मध्ये आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या अमेरिकी शाखेने, यूएसपीएसएने, सर्वोत्तम कामगिरीच्या किती टक्के गाठले त्यावरून नेमबाजांचे डी पासून ग्रँडमास्टरपर्यंत वर्ग पाडले: 40 टक्क्यांच्या खाली डी, मग सी, 60 पासून बी, 75 पासून ए, 85 पासून मास्टर, 95 पासून ग्रँडमास्टर. प्रत्येकाने आपल्या वर्गात जिंकावं ही सोय बंदुकीच्या खेळांत अशी मुरत गेली.

फास्ट ड्रॉची मुख्य धारा मात्र 1976 मध्येच स्थापन झालेल्या वर्ल्ड फास्ट ड्रॉ असोसिएशनकडे आणि 2002 पासून काउबॉय फास्ट ड्रॉ असोसिएशनकडे गेली. दुसरीच्या पद्धतीत .45 कोल्ट काडतुसाचं सिंगल-ॲक्शन (दर गोळीआधी घोडा हाताने ओढावा लागणारं) रिव्हॉल्व्हर, मेणाची गोळी, 21 फुटांवर 24 इंच व्यासाची पोलादी थाळी आणि तिच्या मधोमध दिवा असतो. दिवा कधी लागेल ते आधी कळत नाही. तो लागला की उपसायचं, अंगठ्याने घोडा ओढायचा, झाडायचं. मुरलेला खेळाडू हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतो, आणि त्यातला मोठा वाटा दिवा डोळ्याला दिसून हात हलेपर्यंतच जातो. दोघे शेजारी उभे, दोघांना एकाच वेळी दिवा, आणि ठरलेल्या बाऱ्यांपैकी जास्त बाऱ्या जिंकेल तो पुढे.

अडचण इथेच सुरू होते. 64 जणांची साधी बाद फेरी घेतली तर पहिल्या लढतीनंतर 32 जण घरी. शेकडो मैल गाडी हाकून आलेला नवखा 0.8 सेकंदाचा हात घेऊन 0.4 वाल्यासमोर उभा राहतो. समोरच्याचा नेम चुकला तरच त्याला आशा. त्यावर पहिला तोडगा निघाला तो फुल्यांचा: हरलात की नावापुढे एक फुली, ठराविक फुल्या झाल्या की बाहेर. त्यामुळे प्रत्येकाच्या लढती वाढल्या. तरी शेवटी चषक त्याच मूठभर हातांत. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात पंच पैलवानाची ताकद बघून जोड लावतात. त्यांनी ओळखलेली गरज हीच आहे: तोडीस तोड समोर असेल तरच कुस्ती रंगते.

ब्रॅकेट म्हणजे ती जोड घड्याळाच्या आधारे लावणं. हिशेब करून पाहिला तर आयोजकाचं काम फारसं वाढतही नाही. 80 जणांची एकच बाद फेरी म्हणजे 79 लढती. त्यांचे 16-16 चे पाच गट केले तर प्रत्येक गटात 15, एकूण 75 लढती, आणि एकाऐवजी पाच विजेते. प्रत्येक लढत अटीतटीची होते, हा त्याहून मोठा फायदा.

खरी कसोटी गट पाडताना लागते. डोकी मोजून पाडले तर 0.499 चा एका गटात आणि 0.501 चा दुसऱ्यात, असा अन्याय सीमेवर होतोच. वेळेच्या पट्ट्या आखल्या तर एका गटात 30 जण आणि दुसऱ्यात सहा. लहान क्लबला डोकी मोजणं सोपं जातं. सरासरी कशाची काढायची, हा प्रश्न त्याहून अवघड. चुकलेल्या बारीला वेळच नसते. फक्त लागलेल्या बाऱ्या धरल्या तर बेफाम झाडणारा, दहांत चार वेळा लागणारा माणूस वरच्या गटात जाऊन पडतो आणि तिथे प्रत्येकाकडून मार खातो. माझं मत स्पष्ट आहे: नेमाची टक्केवारी हिशेबात धरल्याशिवाय गट पाडू नयेत. वीव्हरने 1959 मध्ये ते दाखवून दिलं होतं.

आणि लबाडी. खालचा गट मिळावा म्हणून पात्रता फेरीत मुद्दाम हात सैल सोडणारे प्रत्येक वर्गीकृत खेळात भेटतात. मोटारींच्या ड्रॅग रेसिंगमध्ये यावर जुना उपाय आहे. चालक आपली अपेक्षित वेळ आधी जाहीर करतो आणि त्याहून वेगात गाडी गेली तर सहसा शर्यत गमावतो. फास्ट ड्रॉमध्ये त्याहून सरळ मार्ग आहे: आधी मुख्य सामना खेळवायचा आणि त्याच बाऱ्यांच्या वेळांवरून ब्रॅकेट लावायचे. तिथे हात सैल सोडला तर फुली आपल्याच नावापुढे पडते.